नळकांड्याच्या मागे उभं राहून

"रेस द्या मॅडम. अजून. अजून थोडी. बास, झालं."

एवढ्या चार सूचनांवर गेली वीस-बावीस वर्षं माझ्या गाड्या पास होत आल्या आहेत. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी असलेली एक जुनाट व्हॅन, तिच्यात एक कॉम्प्युटर, एक खडखडणारा प्रिंटर आणि मागच्या दारातून लोंबणारी रबरी नळी. नळी सायलेन्सरमध्ये जाते, नंबरप्लेटचा फोटो निघतो, कागद हातात पडतो. त्या व्हॅनची स्वतःची पीयूसी कुठे काढतात, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तराऐवजी चहा मिळाला.

एका पावसाळ्यात तर नळी बाहेरच आली नाही. पाऊस कोसळत होता, माझी डिझेल गाडी पंपाच्या छपराखाली उभी होती आणि तिथल्या मुलानं छत्री सावरत फक्त फोटो काढला. दोन मिनिटांत प्रमाणपत्र तयार. "अरे, आकडे कुठून आले?" असं विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "नवी गाडी आहे मॅडम. त्यात काय येणार आहे?"

त्याचा राग आला. पण घरी येऊन तो कागद पहिल्यांदाच नीट वाचला, तेव्हा लक्षात आलं की नळी घातली असती तरी फारसं काही कळलं नसतं. पेट्रोल गाडी जागेवर उभी ठेवून, इंजिन नुसतं चालू ठेवून, धुरातला कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन किती, मुख्यतः एवढं पाहतात. डिझेल गाडीला रेस देऊन धुरातून प्रकाशाचा झोत सोडतात आणि तो किती अडला ते मोजतात, म्हणजे धूर किती दाट आहे ते. बस्स. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा त्या कागदावर उल्लेखही नाही. ज्या वायूंपायी २०१५ साली जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एकीचा प्रमुख पाच दिवसांत घरी गेला, त्या वायूंना आपल्या पीयूसीत रकानाच नाही.

या पुस्तकाचा विषय तो न छापलेला रकाना आहे.

आपल्याकडे हा वाद 'डिझेल की पेट्रोल' असा मांडला जातो आणि बहुतेक वेळा 'ॲव्हरेज किती देते?' या प्रश्नापाशी सुरू होऊन तिथेच संपतो. (इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सरासरी, मराठीत एका लिटरमागचे किलोमीटर. सरासरी नेमकी कशाची काढली, हे कुणी विचारत नाही.) मग कुणीतरी म्हणतं, डिझेल घाण. दुसरा म्हणतो, नव्या डिझेलला धूर दिसतो का सांगा. दोघांचंही खोटं नाही, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. दिसणारा धूर वेगळा, कागदावर मोजलेला वेगळा आणि सिग्नलला स्कूटरवर थांबलेल्या माणसाच्या छातीत जाणारा वेगळा. या तिघांत किती अंतर पडतं, कुणी पाडलं आणि ते मोजायला कोण गेलं, याची ही हकिगत आहे.

थोडं रसायनशास्त्र आधी उरकून घेऊ. ज्यांच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता त्यांना ते पटकन समजेल. स्टोव्हला पिन मारायची राहिली की ज्योत पिवळी पडायची आणि पातेल्याचं बूड काळं व्हायचं. पिन मारली की ज्योत निळी, कडक, भांडं स्वच्छ. आई समाधानी. पण त्या कडक, तापलेल्या ज्योतीत एक गोष्ट घडते जी भांड्यावर दिसत नाही: हवेतलाच नायट्रोजन, जो एरवी कशाच्या अध्यातमध्यात नसतो, ऑक्सिजनशी जोडला जातो. डिझेल इंजिनाची सगळी अडचण या दोन ज्योतींमध्ये आहे. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापते आणि त्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपणहून पेटतं. फवाऱ्यात जिथे इंधन दाट, तिथे काजळी. जिथे आच जास्त आणि ऑक्सिजन मुबलक, तिथे नायट्रोजनचे ऑक्साइड. आच कमी करावी तर काजळी वाढते, वाढवावी तर ऑक्साइड वाढतात. इकडे दाबलं की तिकडे फुगतं.

पेट्रोलचं नशीब या बाबतीत बरं. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, हे प्रमाण काटेकोर पाळलं की सायलेन्सरच्या वाटेवरचा एकच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांचाही बंदोबस्त करतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक उरतो, म्हणून ही युक्ती तिथे चालत नाही. काजळीसाठी वेगळी गाळणी लागते, ऑक्साइडांसाठी वेगळी व्यवस्था: थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवा, किंवा धुरावर युरियाचं पाणी फवारा. प्रत्येक उपायाची किंमत आहे. पैशांत, जागेत, ॲव्हरेजमध्ये किंवा मालकाच्या डोकेदुखीत. रोज तीन किलोमीटरवरच्या शाळेत मुलं सोडणाऱ्या डिझेल गाडीची गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मालक गॅरेज गाठतो. एका गॅरेजमध्ये मला "ईजीआर बंद करून देऊ का? पिकअप वाढेल," असं अगदी आपुलकीनं विचारलं गेलं होतं. धूर परत फिरवणारी तीच ती व्यवस्था. बंद केली असती तरी पीयूसीला काही कळलं नसतं.

हे ऑक्साइड इतके वाईट का, ते लॉस एंजेलिसनं जगाला शिकवलं. १९४३च्या उन्हाळ्यात त्या शहरावर असा धुरकट पडदा पसरला की युद्धकाळातल्या लोकांना तो जपानचा वायुहल्ला वाटला. पुढे अननसाच्या वासाचा अभ्यास करणारे आरी हागेन-स्मिट नावाचे डच रसायनतज्ज्ञ या भानगडीत पडले आणि त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांचे हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कॅलिफोर्नियाचं ऊन या तिघांच्या संगनमतानं जमिनीलगत ओझोन तयार होतो. तेच पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. या मंडळाशी पुन्हा गाठ पडणार आहे. आणि डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२मध्ये दिला. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, त्याच पहिल्या गटात त्याला टाकलं.

इतकं असूनही युरोपनं डिझेलला डोक्यावर घेतलं, ते हवामानाच्या नावाखाली. एका लिटरमध्ये डिझेल गाडी जास्त अंतर जाते, म्हणजे किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड कमी. १९९८मध्ये युरोपातल्या कंपन्यांनी तो १४० ग्रॅमवर आणायचं कबूल केलं, सरकारांनी करांची रचना त्या हिशेबानं बदलली आणि पुढच्या दशकभरात तिथल्या नव्या गाड्यांत डिझेलचा वाटा निम्म्यापर्यंत चढला. पृथ्वीचा ताप उतरवायला शहरांची फुप्फुसं गहाण पडली.

आपली कथा निराळी. आपल्याकडे डिझेल स्वस्त ठेवलं ते ट्रकसाठी, एसटीसाठी, शेतकऱ्याच्या पंपासाठी. जून २०१०मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४पर्यंत सुटले नाहीत. मे २०१२मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होतं आणि डिझेल ४१च्या आत. शेतकऱ्याच्या नावानं दिलेली ही सवलत मोठमोठ्या एसयूव्हींच्या टाकीत जाऊ लागली आणि विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक गाड्या डिझेलच्या झाल्या. कायद्याचा हातही सैलच होता. बीएस-४च्या, म्हणजे 'भारत स्टेज ४'च्या, नियमांत पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ८० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, डिझेलला २५०. म्हणजे तिपटीहून जास्त, आणि तीही अधिकृत. अमेरिकेत मात्र इंधन कोणतंही असो, मर्यादा एकच होती आणि ती भारतीय डिझेलच्या मर्यादेच्या जेमतेम सहावा हिस्सा भरत होती. पुढचं सगळं रामायण तिथेच का घडलं आणि इथे का घडलं नाही, याचं अर्धं उत्तर या दोन आकड्यांत आहे. जिथे कुंपण बुटकं असतं तिथे उडी मारायला लबाडी लागत नाही.

इंधनाचीही तीच तऱ्हा. एप्रिल २०१०मध्ये बीएस-४ इंधन १३ शहरांत आलं. त्या यादीत मुंबई, पुणे यांच्या जोडीला आपलं सोलापूरही होतं. त्या वेळी पुण्यात आणि सोलापुरात गंधक ५० पीपीएम, आणि मधल्या इंदापूर-टेंभुर्णीच्या पंपांवर ३५०. ट्रकवाला टाकी कुठे भरणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. आणि टाकीत जे जातं ते पावतीवर लिहिलेलंच असेल, याचीही खात्री नव्हती. २५ जानेवारी २०११ला मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला थांबलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना भर दिवसा जाळून मारण्यात आलं. धुराच्या मोजमापाबद्दल लिहिताना हे नाव मागे ठेवता येत नाही.

न्यायालयांनी या वादात उडी घेतली तेव्हा त्यांच्या हातात मोजपट्टी नव्हती, म्हणून त्यांनी हाताला लागेल ती वापरली. १६ डिसेंबर २०१५ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यापुढच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. पुढच्याच महिन्यात महिंद्रनं तिथे १.९९ लिटरचं इंजिन आणलं. धूर तोच, फक्त सिलिंडर किंचित लहान. ऑगस्ट २०१६मध्ये एक टक्का हरित अधिभार घेऊन बंदी उठली. दुसरी पट्टी वयाची होती: दिल्लीत दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी रस्त्यावर नको. नीट राखलेल्या बारा वर्षांच्या गाडीचा मालक विचारतो, माझी गाडी मोजून तर बघा. त्याचं म्हणणं रास्त आहे. पण कशानं मोजायचं? त्या पंपावरच्या नळीनं?

नवी गाडी बाजारात येण्याआधी तिची खरी परीक्षा प्रयोगशाळेत होते, रोलरवर. पुढची चाकं रोलरवर फिरतात, मागची थिजून उभी, चालक समोरच्या पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो आणि कमी करतो, धूर पिशव्यांत गोळा होतो. ही रेषा म्हणजे 'ड्रायव्हिंग सायकल'. आपली रेषा युरोपच्या जुन्या रेषेवरून बेतलेली, फक्त तिथला १२० किलोमीटरचा कमाल वेग आपण ९०वर आणला. सुमारे वीस मिनिटांचा खेळ. एसी बंद, चढ नाही, मागच्या सीटवर सासू-सासरे नाहीत, टपावर सामान नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मोटारीला सपाटीवर १०० किलोमीटरचा वेग कायद्यानंच मान्य आहे, म्हणजे शिस्तीत चालणारी गाडीही परीक्षेच्या अभ्यासक्रमाबाहेर पळते. खंडाळ्याचा घाट तर प्रश्नपत्रिकेत नव्हताच.

प्रश्न दरवर्षी तेच, तेही त्याच क्रमानं आणि सेकंदासेकंदाला ठरलेले. असं असल्यावर कोणता हुशार विद्यार्थी अख्खं पुस्तक वाचेल? 'एकवीस अपेक्षित' घोकून पहिल्या वर्गात पास होणाऱ्यांच्या देशात हे समजावून सांगायची गरज नसावी. युरोपात चाचणीला जाणाऱ्या गाडीच्या फटींवर टेप लावायची, टायर टणक फुगवायचे, असे प्रकार वर्षानुवर्षं चालत आणि त्यातलं बरंचसं नियमांच्या चौकटीत बसतही असे. लबाडी आणि तयारी यांच्यातली रेष नेमकी कुठे ओढायची, हा प्रश्न या पुस्तकात वारंवार येतो. मी ती प्रत्येक वेळी एकाच जागी ओढली आहे, असा माझा दावा नाही.

आता टवेराकडे येते. फोल्क्सवागनच्या जर्मन प्रकरणावर जगभर पुस्तकं निघाली, माहितीपट झाले. टवेरा मात्र आपणच विसरलो. शेवरले टवेरा म्हणजे मुंबई-शिर्डी, पुणे-महाबळेश्वर करणाऱ्या टुरिस्टवाल्यांची लाडकी दहा आसनी. जुलै २०१३मध्ये जनरल मोटर्सच्या भारतीय कंपनीनं २००५ ते २०१३ दरम्यान बनलेल्या १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या आणि सरकारला कळवलं की आपल्याच काही लोकांनी चाचणीत फेरफार केले होते. पद्धत अशी की कमी धूर सोडणारी इंजिनं निवडून बाजूला काढायची आणि तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत तीच बसवायची. वजनाच्या आकड्यांतही खेळ केला गेला, कारण वजनाचा गट बदलला की धुराची मर्यादा बदलते. संगणकाची आज्ञावली नाही, गुप्त सांकेतिक भाषा नाही. गणपतीच्या आरासस्पर्धेला परीक्षक येणार म्हणून शेजारच्या मंडळाची झुंबरं आणून लावावीत, तितकं हे घरगुती होतं. सरकारी चौकशी समितीनं त्याला फसवणूक म्हटलं, कंपनीनं काही अधिकाऱ्यांना काढून टाकलं आणि २०१७च्या शेवटी तिनं भारतातली विक्रीच थांबवली. ती धुरामुळे नव्हे, धंद्याच्या हिशेबानं.

या प्रकरणात मला खटकतं ते निराळंच. आठ वर्षं हे चाललं आणि तोवर रस्त्यावर धावणारी एकही टवेरा उचलून कुणी नळी लावून पाहिली नाही. नमुना नेहमी कारखान्यातूनच यायचा. बाजारातून चार हजारांचा ड्रेस आणताना उलटसुलट करून शिवण तपासणारे आपण, लाखभर गाड्यांच्या बाबतीत दुकानदारानं पुढे केलेलाच नग तपासत राहिलो.

रस्त्यावर जाऊन मोजायची कल्पना कुणाला सुचली, त्याची गोष्ट गमतीची आहे आणि तिचं मूळही एका चोरीतच आहे. १९९८मध्ये अमेरिकेत कॅटरपिलर, कमिन्स, व्होल्व्हो यांच्यासह सात ट्रक-इंजिन कंपन्या पकडल्या गेल्या. त्यांची इंजिनं चाचणीत शहाण्यासारखी वागत आणि महामार्गावर एका वेगानं धावू लागली की इंधन वाचवण्यासाठी नायट्रोजनचे ऑक्साइड बेबंद सोडत. तडजोड झाली एक अब्ज डॉलरच्या घरात. त्या तडजोडीचा भाग म्हणून चालत्या ट्रकमध्ये ठेवता येईल असं धूर मोजणारं यंत्र विकसित करायचं काम वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे गेलं. कोळशाच्या खाणींचा हा प्रांत. मोटार उद्योगाचं हे माहेरघर नव्हे.

पंधरा वर्षांनी त्याच विद्यापीठातल्या डॅन कार्डर यांच्या गटाकडे एक छोटं काम आलं. स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेला युरोपला दाखवून द्यायचं होतं की बघा, अमेरिकेचे नियम कडक आहेत म्हणून तिथे हीच डिझेल गाडी किती स्वच्छ धावते. म्हणजे शोध घ्यायचा होता तो चांगल्या उदाहरणाचा. काम करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोघे भारतातून शिकायला गेलेले, तिसरा मार्क बेश स्वित्झर्लंडचा. २०१३च्या वसंतात कॅलिफोर्नियात तीन गाड्या मिळवल्या: फोल्क्सवागनची जेटा, पसाट आणि बीएमडब्ल्यूची एक्स ५. डिकीत यंत्र, जनरेटर आणि नळ्यांचं जंजाळ कोंबून ही मंडळी फिरू लागली. पसाट तर लॉस एंजेलिसहून सिॲटलला नेऊन परत आणली, चार हजार किलोमीटरच्या आसपास. रोलरवर दोन्ही फोल्क्सवागन उत्तम वागल्या. रस्त्यावर जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि पसाट ५ ते २० पट ऑक्साइड सोडत होती. बीएमडब्ल्यू बहुतांशी मर्यादेत राहिली, म्हणजे ते जमणारं होतं.

त्यांना आधी आपलंच यंत्र चुकतंय असं वाटलं. पुन्हा मोजलं. मग मे २०१४मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात आरोप नव्हता, फक्त आकडे होते. हागेन-स्मिट यांच्या त्या हवा मंडळानं ते आकडे उचलले आणि कंपनीच्या मागे लागलं. कंपनी दीड वर्ष कारणं देत राहिली, एकदा सॉफ्टवेअर बदलूनही दिलं. मंडळानं पुन्हा मोजलं, आकडे पुन्हा वरच. अखेर नव्या मॉडेलांना परवाना मिळणार नाही असं दिसल्यावर कबुली आली आणि १८ सप्टेंबर २०१५ला अमेरिकी पर्यावरण संस्थेनं नोटीस जाहीर केली. स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब, यांवरून गाडी ओळखत होती की आपण रोलरवर आहोत. चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे परीक्षा चालू आहे. जगभरात असं सॉफ्टवेअर असलेल्या १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. पाच दिवसांनी मार्टिन विंटरकॉर्न यांनी राजीनामा दिला. अभियंत्यांना तुरुंगवास झाला, अब्जावधींचे दंड झाले. त्या खटल्यांचे तपशील बाराव्या प्रकरणात आहेत, इथे त्यात शिरत नाही. कप्पण्णा पुढे एका मोटार कंपनीत लागले आणि २०१९मध्ये कपातीत त्यांचीही नोकरी गेली, एवढी एक नोंद मात्र करते.

ही लाट भारतात आली ती फोल्क्सवागनच्या चाकणच्या कारखान्यात आणि पुण्यातल्या एआरएआयला. 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही १९६६ची संस्था देशातल्या गाड्या तपासत आली आहे. तिनं फोल्क्सवागन समूहाच्या गाड्या रस्त्यावर नेऊन पाहिल्या, तेव्हा प्रयोगशाळेत मर्यादेत असणारे आकडे बाहेर मर्यादा ओलांडताना दिसले. डिसेंबर २०१५मध्ये समूहानं ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावायचं जाहीर केलं. त्याच वेळी कंपनीचा युक्तिवाद असा होता की भारतात आम्ही कोणताही नियम मोडलेला नाही. ऐकायला उद्दाम वाटतं, पण कायद्याच्या चष्म्यातून पाहिलं तर उत्तर सोपं नव्हतं, कारण त्या वेळी भारतात रस्त्यावरच्या धुराला मर्यादा अशी नव्हतीच. मर्यादा होती ती रोलरवरच्या वीस मिनिटांना. राष्ट्रीय हरित लवादानं मार्च २०१९मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला, तज्ज्ञ समितीनं काढलेल्या १७१ कोटी ३४ लाखांच्या जवळजवळ तिप्पट. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. माझं मत विचाराल तर परीक्षा ओळखून वागणूक बदलणं ही फसवणूकच, मग प्रश्नपत्रिका कितीही भिकार असो. पण ती भिकार प्रश्नपत्रिका काढणारे कोण, हा प्रश्न लवादानं जितक्या नेटानं विचारायला हवा होता तितक्या नेटानं विचारला नाही.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी सुधारल्या, आणि ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. आपण बीएस-५ ओलांडून १ एप्रिल २०२०ला थेट बीएस-६वर गेलो. गंधक १० पीपीएमवर आलं, डिझेलची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५०वरून ८०वर. मारुतीनं डिझेल मोटारी बनवणंच सोडून दिलं. छोट्या गाडीत ही सगळी यंत्रणा बसवली तर ती विकायची कितीला? एप्रिल २०२३पासून नव्या गाड्यांना डिकीत यंत्र ठेवून खऱ्या रस्त्यावरची परीक्षाही द्यावी लागते. युरोपात ती २०१७मध्ये आली, तेव्हा सुरुवातीला रस्त्यावर मर्यादेच्या २.१ पट धूर चालेल अशी सूट दिली होती. नियम करणाऱ्यांनाही घासाघीस चुकत नाही.

पण ही परीक्षाही नव्या गाडीची. चौथ्या मालकाच्या हातातल्या, ईजीआर बंद केलेल्या, गाळणी उपटलेल्या गाडीची परीक्षा अजून पंपाच्या कोपऱ्यातच होते. रस्त्याच्या कडेला उपकरण ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा धूर किरणांनी मोजायची पद्धत दिल्ली आणि गुरुग्रामला वापरून पाहिली गेली. तिथे ज्या सीएनजीला आपण सोवळ्यात बसवलंय, त्या गाड्यांचेही नायट्रोजन ऑक्साइड प्रयोगशाळेतल्या मर्यादेबाहेर आढळले. सीएनजीवरचं प्रकरण त्यामुळे मला पुन्हा लिहावं लागलं.

शब्दांबद्दल थोडं. 'उत्सर्जन' हा सरकारी शब्द मी नाइलाजानं आणि क्वचितच वापरला आहे. लोक धूर म्हणतात. मीही धूर म्हटलंय, जरी यातला सर्वांत घातक भाग डोळ्यांना दिसत नाही हे ठाऊक असलं तरी. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना पुढे सगळीकडे 'नॉक्स' म्हटलं आहे, कारण या क्षेत्रातले सगळे तेच म्हणतात. सायलेन्सरला माझे वडील नळकांडं म्हणत; तोही शब्द जागोजागी येईल. आणि कोणती गाडी घ्यावी, याचं उत्तर या पुस्तकात नाही. ते विचारणाऱ्या नातेवाइकांना मी गेली काही वर्षं टाळत आले आहे.

कोथरूडच्या बाजूनं पहाटे वेताळ टेकडीवर जाणारे पुणेकर तिला सर्रास 'एआरएआय टेकडी' म्हणतात. संस्था टेकडीवरच आहे, तिच्यावरूनच नाव पडलं. वरती मोर ओरडत असतात, माणसं दोन्ही हात पसरून दीर्घ श्वास घेत असतात आणि खाली पौड रस्त्यावर पहिल्या बसेस सुरू झालेल्या असतात. मीही त्याच वाटेनं कित्येक वर्षं चढले आणि कुंपणापलीकडच्या इमारतींकडे कधी मान वळवून पाहिलं नाही. पहिलं प्रकरण त्या कुंपणाच्या आत सुरू होतं, रोलरवर चढवलेल्या एका गाडीपासून.